आठ शेरे

मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा लिफ्टवाला एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, मशिनच्या खोलीत, गुडघे टेकून ब्रेकचं लायनर बदलत होता. फोनवर बायको होती. ती म्हणाली, "मास्तर गेले. काल दुपारी." तो म्हणाला, "बरं." मग त्याने लायनर बसवलं, लिफ्ट चार वेळा वरखाली फिरवून पाहिली, खाली जाऊन वहीत सही घेतली, घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसल्यावर म्हणाला, "म्हणजे आता ते राहूनच गेलं."

काय राहून गेलं, हे बायकोने विचारलं नाही. ते तिला एकवीस वर्षं पाठ होतं.

लिफ्टवाल्याची मास्तरांबद्दल एक तक्रार होती. एकच, पण चांगली मुरलेली. मास्तरांनी त्याला चार वर्षं गाणं शिकवलं आणि त्या चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही की, बाबा रे, तुला सूर लागत नाही. न सांगितल्यामुळे कॉलेज संपल्यावर तो नऊ वर्षं गायक होण्याच्या खटपटीत राहिला. जिथे म्हणून ऑडिशन असेल तिथे जाऊन उभा राहायचा. ऐकणारे लोक सभ्य होते, "कळवतो" म्हणायचे. सभ्य माणसं जितकं वाटोळं करतात तितकं शत्रूलाही जमत नाही. शेवटी एका स्टुडिओत, सगळे उठून गेल्यावर, वायर गुंडाळत असलेला माणूस त्याला म्हणाला, "साहेब, राग मानू नका, पण तुम्हाला सूर लागत नाही. कुणी बोललं नाही का आजवर?" वायर गुंडाळून व्हायच्या आत विषय संपला.

एकतिसाव्या वर्षी तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. बरोबरचे उमेदवार त्याला काका म्हणायचे. तिथे असं निघालं की त्याचा कान फार चांगला आहे. तळमजल्यावर उभा राहून तो सांगायचा की सहाव्या मजल्याच्या दाराचा रोलर झिजलाय, आणि वर जाऊन पाहावं तर तो झिजलेलाच असायचा. बाहेरचं त्याला सगळं ऐकू यायचं. स्वतःचा आवाज मात्र माणसाला आतून ऐकू येतो, आणि आत सगळेच सुरात असतात.

त्या वायरवाल्या माणसानंतर तो मास्तरांकडे कधी गेला नाही. मास्तरांची दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं, "ये." दुसऱ्यात, तीन वर्षांनी, "आलास तर बरं वाटेल." दोन्हींना उत्तर बायकोने धाडलं. तीही त्याच वर्गातली, त्याच मास्तरांची विद्यार्थिनी. आता इस्पितळात नर्स होती. ती वर्षातून एकदा मास्तरांना भेटून यायची. आली की तो विचारायचा, "काय म्हणत होते?" ती म्हणायची, "तुझी चौकशी करत होते." तो म्हणायचा, "करू देत."

आता त्या कॉलेजाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगितल्यावरही वाटेल, पण निदान कसं घडलं ते कळेल.

कॉलेज प्रायोगिक होतं. म्हणजे तिथे घंटा नव्हती, परीक्षा नव्हती, आणि पहिली दोन वर्षं संडासांना कड्याही नव्हत्या, कारण त्यावर एकमत झालं नव्हतं. एकमत हा तिथला कायदा. बहुमत म्हणजे जास्त लोकांनी थोड्यांवर केलेली दांडगाई, असं संस्थापकांचं म्हणणं होतं; त्यामुळे सगळ्यांना पटल्याशिवाय तिथे काडी हलायची नाही. शिक्षकांना अरे-तुरे करायचं, असाही ठराव झाला होता. पोरांच्या जिभा काही वळेनात. शेवटी 'मास्तर' या शब्दावर तडजोड झाली, आणि बाकी शिक्षक आले नि गेले तरी हे एकटेच मास्तर म्हणून उरले.

मार्कांच्या जागी शेरा असायचा. सहामाही संपली की वर्गातल्या एकेकाने बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचं, आणि आत बाकीच्यांनी त्याच्याबद्दल एक खरं वाक्य ठरवायचं. सगळ्यांना पटेल तेच कागदावर उतरायचं. मास्तरांनाही मत एकच, इतरांच्या मताएवढंच. आत काय बोलणं झालं ते बाहेरच्याला कधीही सांगायचं नाही.

लिफ्टवाल्याचे आठही शेरे त्याच्याकडे फायलीत होते. 'वेळेवर येतो.' 'आवाज मोठा आहे.' 'वारा सुटला की न सांगता खिडक्या लावतो.' 'पियानो हलवताना जड बाजूला उभा राहतो.' बाकीचेही याच जातीचे. 'आवाज मोठा आहे' हे तर त्याला भलतंच कौतुकाचं वाटलं होतं, आणि तो कागद त्याने दोन ऑडिशनना बरोबर नेला होता.

आणि तिसरी गोष्ट तक्रार-बैठक. कुणी कॉलेज सोडून निघालं की सगळ्यांनी गोल बसायचं आणि निघालेल्याच्या तोंडावर एकेक तक्रार सांगायची. स्तुती करायची नाही. स्तुती पाठीमागे करण्याची गोष्ट. ज्याच्याबद्दल तक्रार असेल त्याने वाद घालायचा नाही, 'ऐकलं' एवढंच म्हणायचं. कॉलेज अकरा वर्षांपूर्वी बंद पडलं. छपराचा कोणता अर्धा भाग आधी दुरुस्त करावा यावर एकमत झालं नाही, आणि दोन्ही अर्धे निःपक्षपातीपणे गळत राहिले. पण मास्तर मनाने तिथून हलले नव्हते. जाण्याआधी ते ताईंना, म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीला, बजावून गेले की माझ्यामागे भाषणं नकोत, तक्रार-बैठक घ्या.

महिन्याभराने बैठक ठेवल्याचा ताईंचा निरोप लिफ्टवाल्याने दोनदा वाचला. मास्तर गेल्यापासून त्याला पहिल्यांदा भूक लागली.

बसमध्ये बायकोने विचारलं, "तू खरंच बोलणार आहेस?"

"मग एवढी वर्षं कशाला पोटात ठेवलंय?"

"ताई असतील समोर."

"असू देत. नियमात बसतं."

पुढच्या थांब्यानंतर ती पुन्हा म्हणाली, "नक्की?" तो म्हणाला, "तुला काय झालंय?" ती म्हणाली, "काही नाही," आणि पर्सची चेन उघडून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघू लागला.

कॉलेजच्या इमारतीत आता वाहनांचे परवाने देणारं ऑफिस होतं. गाण्याच्या खोलीत डोळे तपासत असत. रविवार होता, ऑफिस बंद होतं; त्यांच्याच वर्गातल्या वकीलबाईंनी अर्ज करून खोली दोन तासांसाठी मिळवली होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. फरशीवर पिवळी रेघ आणि तिच्यापुढे 'येथे उभे राहा'. कोपऱ्यात पियानोच्या पायांनी पाडलेले खळगे होते आणि त्यांतल्या एकावर कचऱ्याची बादली ठेवली होती. अकराजणांच्या वर्गातले सहाजण आले होते, शिवाय ताई. ताईंनी मास्तरांचा फोटो आणला होता. फोटोत मास्तर भलतीकडेच बघत होते, कारण फोटो काढताना त्या बाजूला कुणीतरी खुर्ची सरकवली होती आणि त्यांना त्या आवाजात जास्त रस वाटला होता.

सुरुवातीलाच घोडं अडलं. सहाजणांतल्या डेंटिस्टने शंका काढली की तक्रार तोंडावर करायची असते. मास्तर तर आता नाहीत. तेव्हा हे तोंडावर धरायचं की पाठीमागे? पाठीमागे धरलं तर स्तुती करावी लागेल. यावर वीस मिनिटं चर्चा झाली. पन्नाशी ओलांडलेली सहा माणसं, पैकी दोघांना गुडघ्यांचा त्रास, अक्षरांच्या तक्त्याखाली बसून हे मनापासून भांडत होती. शेवटी फोटो खुर्चीवर ठेवला की ते तोंड, असं ठरलं, आणि 'ऐकलं' ताईंनी म्हणायचं. एकमत झालं म्हणून सगळ्यांना तरुण झाल्यासारखं वाटलं.

डेंटिस्टच पहिला बोलला. "माझी तक्रार अशी की मास्तर फार मोठ्या मनाचे होते."

"ही स्तुती आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"मी तक्रार म्हणून सांगतोय."

"चालणार नाही. दुसरी सांग."

डेंटिस्टने विचार केला. "पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्याला पियानो उचलायला लावला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि परत. म्हणाले, जे वाजवणार आहात ते किती जड आहे ते आधी कळू दे. तेव्हा माझी पाठ धरली ती अजून सुटलेली नाही. रोज पेशंटच्या तोंडावर वाकतो आणि रोज मास्तर आठवतात."

"ऐकलं," ताई म्हणाल्या.

मग लंबू. तो रोपवाटिका चालवायचा आणि मनुष्यांशी बोलायची त्याची सवय सुटत चालली होती. तो म्हणाला, "मी टायफॉइडने पडलो होतो तेव्हा मास्तर रोज यायचे आणि तासभर गप्प बसायचे. मला वाटलं, मी वाचत नाही आणि हे सांगत नाहीत. मी रडून रडून अर्धा झालो. बाराव्या दिवशी धीर करून विचारलं, तर म्हणाले, तुझ्या खोलीतली दोन घड्याळं टिकटिक करताना मधूनच एक होतात, ती किती वेळाने होतात ते बघतोय." लंबू थांबला. "रोज यायचे. आधी सांगायला काय झालं होतं?" सगळे हसले; लंबूने रुमाल काढून नाक पुसलं.

"ऐकलं," ताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता.

आणखी दोघांच्या झाल्या. मग लिफ्टवाल्याची पाळी आली. बसूनच बोलायचं होतं, पण तो उभा राहिला, आणि उठून उभा राहिला तो नेमका पिवळ्या रेघेवर.

"मास्तर," तो फोटोला म्हणाला, "मला सूर लागत नव्हता. तुम्हाला कॉरिडॉरमध्ये पडलेली टाचणी कुठल्या पट्टीत वाजली ते कळायचं, तेव्हा हे कळलं नसेल असं म्हणायला जागा नाही. तुम्ही सांगितलं नाहीत. माझी नऊ वर्षं त्यात गेली. घरच्यांच्या तोंडाला फेस आला. जे तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असतात ते मला एका वायर गुंडाळणाऱ्याने सांगितलं, आणि त्याने माझं नावही विचारलं नव्हतं. तुमचा माझ्यावर जीव होता असं सगळे म्हणतात. जीव असता तर बोलला असतात. एवढीच तक्रार."

डेंटिस्ट फरशीकडे बघू लागला. लंबू तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचण्याचा प्रयत्न करू लागला. आपल्या बोलण्याचा परिणाम झाला, असं लिफ्टवाल्याला वाटलं. फक्त जे हलकं वाटायला हवं होतं ते काही वाटेना. ताईंचं 'ऐकलं' बऱ्याच वेळाने आलं. तो खाली बसला.

शेवटी बायकोची पाळी होती.

"माझी तक्रार," ती म्हणाली, "मास्तरांनी माझं ऐकलं ही आहे. शेरे ठरवताना."

"थांब," वकीलबाई म्हणाल्या. "आतलं बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे."

"बाहेर कुठे सांगतेय? हीच ती खोली."

वकीलबाईंनी कोर्टात याहून कच्चे युक्तिवाद जिंकलेले होते. त्यांनी हरकत मागे घेतली.

बायको नवऱ्याकडे न बघता, फोटोकडे बघून बोलू लागली. "पहिल्या सहामाहीला हा व्हरांड्यात जाऊन बसला, आणि तुम्ही म्हणालात, याला सूर लागत नाही, हे आत्ताच लिहू या, उशीर केला तर पोराचं नुकसान होईल. सगळ्यांचे हात वर झाले. माझा झाला नाही. तुम्ही म्हणालात, एकमत नाही, मग दुसरं काही खरं असेल तर सांगा. कुणीतरी म्हणालं, वेळेवर येतो. दुसऱ्या सहामाहीला तुम्ही तेच वाक्य पुन्हा मांडलंत. मग तिसऱ्या. आठही वेळा मांडलंत, आणि आठही वेळा मी एकटीने हात खाली ठेवला. शेवटच्या वेळी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, कारण सांगायची सक्ती नाही. मी सांगितलं नाही. आता सांगते. ते वाक्य हातात पडलं असतं तर हा दुसऱ्या दिवशी सामान बांधून वडिलांच्या छापखान्यात गेला असता. मला तो जायला नको होता. मी अठरा वर्षांची होते, मास्तर, आणि तुम्ही पन्नाशीचे. नियम मोडायला हवा होता. मला कान धरून बाहेर काढायला हवं होतं. नंतर दर वर्षी मी भेटायला यायचे तेव्हा म्हणायचात, नियमामुळे मला बोलता येत नाही, तू सांग त्याला. मी घरी जाऊन सांगायचे, मास्तर तुझी चौकशी करत होते."

ती थांबली. "एवढीच," ती म्हणाली.

ताईंनी 'ऐकलं' म्हटलं ते इतकं हळू, की जवळ बसलेल्या डेंटिस्टलाच ते ऐकू गेलं.

लिफ्टवाल्याला पहिल्यांदा आठवला तो व्हरांडा. तिसरी पायरी. इतरांचा शेरा पाच मिनिटांत ठरायचा. त्याच्या शेऱ्याला दर खेपेला अर्धा अर्धा तास लागायचा. पायरीवर बसून तो आतल्या आवाजांचा अंदाज घ्यायचा आणि मनातल्या मनात सुखावायचा. त्याला वाटायचं, आपल्यात इतकं काही आहे की त्यातलं कुठलं एक निवडावं हे त्यांना सुचत नसेल.

नंतर कागदी कपांतून चहा झाला. सगळे त्याच्याशी फार जपून बोलत होते. डेंटिस्टने त्याला, कधीही ये, तुझे दात बघून देतो, म्हणून सांगितलं. लंबूने एक रोप देऊ केलं. म्हणजे यांना सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे तीस वर्षं मूग गिळून बसले होते. नियमात बसत होतं. लिफ्टवाल्याने खुर्च्या उचलून एकात एक रचल्या, बादली होती तिथे ठेवली, खिडक्या लावल्या. ताई जाताना त्याच्याजवळ थांबल्या. त्याचा दंड दाबून गेल्या.

बसथांब्यावर दोघंच होती. बाकावर ती मध्ये एका माणसाची जागा सोडून बसली.

तो म्हणाला, "आणि लग्न झाल्यावर? सात वर्षं तू मला शर्टाला इस्त्री करून द्यायचीस. ऑडिशनला जाताना."

"हो."

"तेव्हा तर सभा नव्हती. हात वर करायचा नव्हता."

"तेव्हा मी एकटीच होते," ती म्हणाली. "माझं माझ्याशीच एकमत होत नव्हतं. आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. मग त्या वायरवाल्याने सांगितलं. त्या दिवशी तू घरी आलास आणि मास्तरांवर जे ओरडलास, त्यानंतर तर तोंडच उघडेना. तुझा राग कुणावर तरी जायला हवा होता. मी त्यांच्यावर जाऊ दिला."

एक बस आली. त्यांची नव्हती. चालकाने दोघांकडे बघितलं, थोडं थांबून पाहिलं आणि गेला.

"मी एकवीस वर्षं गेलो नाही त्यांच्याकडे," लिफ्टवाला म्हणाला.

"हो."

"ये, म्हणून लिहिलं होतं त्यांनी."

"हो."

"मला वाटलं, माफी मागायला बोलावतायत. म्हटलं, नाही जात. जळू दे जरा त्यांनाही." तो थांबला. "आठ वेळा मांडलं?"

"आठ वेळा. आठव्या वेळी चिडले होते. मास्तरांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं."

मग लिफ्टवाल्याला रडू आलं. आधी त्याने ते खोकल्यावर नेलं, मग ते जमेना. ज्याच्यावर आपण रागावलेले असतो तो माणूस गेला तरी पुरता जात नाही. भांडायला तो लागतोच. आता राग धरायला मास्तरांचं काही उरलं नव्हतं, आणि मास्तर खरोखरच गेले होते. महिन्याभरापूर्वी गेलेल्या माणसासाठी तो त्या बाकावर आत्ता, भर दुपारी, हातरुमाल नसल्यामुळे बाहीला डोळे पुसत रडला. मास्तर होते आणि भेटता आलं असतं आणि आपण गेलो नाही, एवढंच त्याला पुन्हापुन्हा सुचत होतं. बायकोने मधली जागा सरकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण तिच्याकडे वळलाही नाही.

"मला बोल काहीतरी," ती म्हणाली. "ओरड तरी."

त्याने नाक ओढलं, समोरच्या बंद दुकानाच्या शटरकडे बघितलं, आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाला, "तुझ्यावर उद्या रागावतो. आज मास्तरांचं होऊ दे."



"उद्या माझी सकाळची पाळी आहे," ती म्हणाली.

"मग संध्याकाळी," तो म्हणाला.